टीव्हीवरचा 'ब' आणि 'व' : मावशीच्या टेबलावरच्या ४३ इंची पडद्याचं प्रकरण

माझी मावशी साताऱ्याला राहते आणि पुस्तकांची प्रूफं तपासते. आधी कागदावर लाल पेननं तपासायची. आता बरीच वर्षं वर्डच्या फाइलीत, ट्रॅक चेंजेस चालू करून, म्हणजे प्रत्येक दुरुस्ती रंगात वेगळी दिसते. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर लॅपटॉपचा १५ इंची पडदा तिला पुरेना. मॉनिटर बघायला म्हणून दुकानात गेली, तर तेवढ्याच पैशांत मॉनिटरच्या दुपटीएवढा ४३ इंची फोर-के टीव्ही मिळत होता. अक्षर मोठं दिसेल या साध्या हिशेबानं तिनं तो घेतला, टेबलावर ठेवला, एचडीएमआय केबल लावली आणि कामाला बसली.

तीन आठवड्यांनी मला फोन आला. आवाज पडलेला होता. "अरे, माझ्या हातून 'बळण' सुटलं."

लेखकानं 'वळण' लिहिलं होतं, टाइप करणाऱ्यानं 'बळण' केलं होतं, आणि मावशीनं ते पडद्यावर 'वळण' असंच वाचलं. प्रकाशकानं कागदावरच्या शेवटच्या प्रुफात पकडलं म्हणून निभावलं. मावशीला वाटत होतं, डोळे पुन्हा गेले. डॉक्टरांकडे जाऊन आली, डोळे उत्तम होते. टीव्ही बसवायला आलेल्या माणसाला पुन्हा बोलावलं, तो म्हणाला, टीव्हीत काही दोष नाही, लॅपटॉप जुना झालाय. त्या शनिवारी मी साताऱ्याची गाडी पकडली.

पुढे जे केलं ते क्रमानं लिहितो आहे, कारण टीव्हीचा मॉनिटर करताना येणारी जवळजवळ प्रत्येक अडचण या एका टेबलावर एकावर एक बसली होती, आणि कोणती आधी सोडवायची यावर सगळं अवलंबून होतं.

वहीतल्या तक्रारी

मावशीनं तक्रारी तारखांसकट वहीत लिहून ठेवल्या होत्या. पहिल्या दिवशी : 'खालची पट्टी अर्धी कापलेली. घड्याळ दिसत नाही.' दुसऱ्या दिवशी ती तक्रार खोडून लिहिलं होतं : 'पट्टी दिसू लागली. अक्षर मात्र कालच्यापेक्षा पुसट.' त्याखाली : 'काळ्या अक्षरांना पांढरी कड.' 'लाल दुरुस्त्या मळकट दिसतात, अनुस्वार दिसतच नाहीत.' 'कोष्टकाच्या मथळ्यामागची करडी छटा छापून आली, पडद्यावर नव्हती.'

मला सगळ्यात मोलाची वाटली ती खोडलेली ओळ. पट्टी दिसायला लागली आणि त्याच दिवशी अक्षर पुसट झालं, म्हणजे मधे कोणीतरी काहीतरी केलं होतं. विचारलं तर म्हणाली, शेजारचा इंजिनिअरिंगचा मुलगा येऊन गेला, त्यानं लॅपटॉपमध्ये काहीतरी सरकवलं आणि पट्टी आली.

त्यानं काय सरकवलं ते कळायला वेळ लागला नाही. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये चित्राचा आकार कमी करायची एक सरकपट्टी असते. त्यानं चित्र थोडं लहान केलं, त्यामुळे कापलेल्या कडा आत आल्या. हेतू चांगला होता, पण औषध चुकीच्या जागी लावलं गेलं. कडा कापत होता टीव्ही, लॅपटॉपचा त्यात काही संबंध नव्हता. आता लॅपटॉप चित्र आक्रसून पाठवत होता आणि टीव्ही तेच चित्र ताणून मोठं करत होता. दोन वेळा मोडतोड होऊन अक्षर पडद्यावर येत होतं.

कडा का कापतात

जुने काचेच्या नळीचे टीव्ही आठवा. शटरच्या लाकडी कपाटातले. त्या नळीत चित्राच्या कडा स्थिर नसायच्या. व्होल्टेज खालीवर झालं, संच जुना झाला, की चित्र आक्रसायचं किंवा वाकायचं. म्हणून कारखान्यातच चित्र काचेपेक्षा थोडं मोठं ठेवायचे, म्हणजे वाकड्या कडा चौकटीमागे लपायच्या. कार्यक्रम बनवणारेही पाट्या, नावं वगैरे कडेपासून आत ठेवायचे. नळी गेली, सपाट पडदे आले, आता प्रत्येक ठिपक्याला स्वतःची पक्की जागा आहे. तरी बऱ्याच टीव्हींत ही सवय तशीच उरली आहे. याला ओव्हरस्कॅन म्हणतात.

सिनेमा बघताना कोणाला कळतही नाही. संगणकात मात्र नेमक्या कडेलाच कामाच्या गोष्टी असतात. हिशेब करून बघा : प्रत्येक बाजूनं अडीच टक्के कापले, तर १९२० × १०८० च्या चित्रात खालच्या २७ ओळी जातात. विंडोज १० ची खालची पट्टी ४० ओळींची. उरल्या १३. म्हणून मावशीला घड्याळ दिसत नव्हतं.

कापण्यापेक्षा ताणण्याचं नुकसान मोठं. उरलेलं ९५ टक्के चित्र पूर्ण पडद्यावर पसरायचं, तर एक ठिपका एका जागी बसत नाही, तो शेजारच्या जागांत वाटला जातो. सिनेमातल्या चेहऱ्याला त्यानं काही होत नाही. 'ब'ला होतं. 'ब' आणि 'व' यांत फरक फक्त पोटातल्या एका तिरक्या रेघेचा, आणि ११ पॉइंटच्या अक्षरात ती रेघ जेमतेम एक ठिपका जाड असते. ती रेघ दोन-तीन ठिपक्यांत विरघळून करडी झाली की 'ब'चा 'व' होतो, 'ष'चा 'प' होतो. इंग्रजी वाचणाऱ्याला अशा पडद्यावर थकवा येईल. मराठी प्रूफ तपासणाऱ्याला चुकीचा शब्द बरोबर दिसतो.

हे नजरेनं पटवायला मी पेंटमध्ये एक चित्र केलं. एक ठिपका जाडीची काळी रेघ, एक ठिपका मोकळा, पुन्हा काळी, असं थोडं भरून ते चिकटवत चिकटवत पानभर केलं. लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यावर ते सलग, बारीक रेघांचं दिसत होतं. टीव्हीवर ओढल्याबरोबर त्यात जाड-बारीक लहरी उठल्या, रेशमी साडीवर उजेड पडल्यावर उठतात तशा. मावशी जवळ येऊन बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे माझे डोळे नाहीत." एवढ्यासाठी तरी ते चित्र आधी करावं असं मी सगळ्यांना सांगेन. पुढच्या प्रत्येक बदलानंतर मी तेच चित्र उघडून बघत होतो.

आधी लॅपटॉपमधली सरकपट्टी जागेवर नेली. पडद्याची खालची पट्टी पुन्हा कापली गेली, ते ठीकच होतं. मग टीव्हीच्या रिमोटवरून चित्राच्या आकाराच्या मेनूत गेलो. हा पर्याय प्रत्येक कंपनी वेगळ्या नावानं लपवते. एलजीत 'जस्ट स्कॅन', सॅमसंगमध्ये 'फिट टु स्क्रीन', सोनीत 'फुल पिक्सेल', काही टीव्हींत 'डॉट बाय डॉट'. अर्थ एकच : आलेलं चित्र आहे तेवढंच दाखव. तो चालू केला आणि लहरी गेल्या. पट्टी पूर्ण आली, घड्याळासकट.

मोठं अक्षर हवं म्हणून रिझोल्यूशन कमी करू नये

लहरी गेल्या, तरी रेघा मऊ होत्या. कारण लॅपटॉप १९२० × १०८० चंच चित्र पाठवत होता आणि टीव्हीचा पडदा ३८४० × २१६० ठिपक्यांचा. एकाचे चार करायचे, म्हणजे खरं तर सरळ काम. पण टीव्ही नुसते चार करत नाही, चित्र गुळगुळीत दिसावं म्हणून कडा घोटतो.

मावशीची समजूत होती की १९२० ठेवलं म्हणूनच अक्षर मोठं दिसतंय. ही समजूत फार ठिकाणी आढळते, आणि ती मोडणं मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात गरजेचं वाटतं. रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांचा आकडा, पडद्याच्या स्वतःच्या आकड्यावरच ठेवायचं. अक्षर मोठं करायचं ते विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधल्या स्केलनं. ३८४० × २१६० आणि स्केल २०० टक्के केलं, की अक्षराचा आकार आधीएवढाच राहतो, पण ते अक्षर चौपट ठिपक्यांनी काढलं जातं. वर्डमध्ये १०० टक्क्यांवर ११ पॉइंटचं अक्षर आधी साधारण १५ ठिपक्यांच्या उंचीत कोंबलेलं होतं, आता त्याला २९ ठिपके मिळाले. 'ब'च्या पोटातल्या रेघेला जागा झाली.

मावशीनं खुर्ची पुढे ओढली, चष्मा सारखा केला आणि काही न बोलता दोन पानं वाचली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण बऱ्याच घरांत ३२ इंची एचडी रेडी टीव्ही असतो आणि लोक तोच लॅपटॉपला जोडतात. त्या पडद्यात बहुतेकदा १३६६ × ७६८ ठिपके असतात. एचडीएमआयमधून टीव्ही संगणकाला सांगतो की ७२० किंवा १०८० ओळींचं चित्र पाठव, आणि ते स्वतःच्या ७६८ ओळींत बसवतो. दोन्ही आकडे जुळत नाहीत, म्हणून कितीही मेनू धुंडाळले तरी अक्षर थोडं पुसटच राहतं. टीव्हीला जुनं निळं व्हीजीए सॉकेट असेल तर त्यातून १३६० × ७६८ मिळू शकतं आणि अक्षर आश्चर्य वाटेल इतकं सुधारतं. तसं नसेल तर वाचण्या-लिहिण्याच्या कामासाठी तो टीव्ही वापरू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

पांढरी कड

ही तक्रार सगळ्यात सोपी निघाली. टीव्हीत शार्पनेस ५० वर होता. शार्पनेस वाढवला की तपशील वाढत नाही. टीव्ही काळ्या-पांढऱ्याची सीमा शोधतो आणि तिथे काळ्याला आणखी काळं, पांढऱ्याला आणखी पांढरं करतो. अक्षराला पांढरी कड येते ती यातून. करड्या पार्श्वभूमीवर लगेच दिसते. या टीव्हीत शार्पनेस शून्यावर आणल्यावर कड गेली. सगळीकडे मात्र शून्य बरोबर नसतं. सोनीच्या टीव्हीत ५० हा 'काही करू नको'चा आकडा आहे आणि त्याखाली गेलं की चित्र मऊ होतं. आपल्या टीव्हीचा आकडा सापडवायला करड्या पानावर काळं 'क्ष' लिहावं आणि कड जाईपर्यंत खाली यावं.

त्याच बैठकीत चित्रातला गोंगाट कमी करणारे, हालचाल गुळगुळीत करणारे, काळं आपोआप गडद करणारे असे सगळे पर्याय बंद केले. खोलीतल्या उजेडाप्रमाणे प्रकाश बदलणारा बचतीचा पर्यायही. त्यानंच मावशीची पानं संध्याकाळी आपोआप मंद होत होती.

लाल अक्षर

आता मुख्य गोष्ट. मावशीचं अर्धं काम लाल रंगात असतं. तिनं केलेली दुरुस्ती लाल, लेखकानं परत पाठवलेली निळी. काळा मजकूर आता स्वच्छ होता, लाल मात्र अजून मळकट. जवळ जाऊन पाहिलं, तर लाल अक्षराच्या रेघा तपकिरीकडे झुकलेल्या आणि भोवती गुलाबी धूर. अनुस्वाराचा ठिपका तर त्या गुलाबीत जवळजवळ बुडालेला.

काळं स्वच्छ आणि लाल धूसर असं दिसलं, की दोष ठिपक्यांच्या जागेचा नसतो, रंगाचा असतो. व्हिडिओत प्रत्येक ठिपक्याचा उजेड आणि रंग वेगवेगळे साठवतात. आपल्या डोळ्याला उजेडातला फरक बारीक कळतो, रंगातला तितका नाही, म्हणून सिनेमा आणि प्रक्षेपणात रंगाची माहिती कमी ठेवतात. चार ठिपक्यांच्या एका चौकोनात उजेड चार ठिकाणचा, रंग मात्र चौघांत मिळून एकच. याला ४:२:० म्हणतात. प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा रंग असेल तर ४:४:४, आणि मधला प्रकार ४:२:२. पांढऱ्या कागदावर एक ठिपका जाडीची लाल रेघ असली, की शेजारच्या पांढऱ्याशी तिच्या रंगाची सरासरी होते : रेघेचा लाल निम्मा होतो, शेजारचा पांढरा गुलाबी होतो. मावशी ज्याला मळकट म्हणत होती ते हेच.

टीव्हीला वाटत असतं की आपल्याला सिनेमाच येतोय, म्हणून आलेलं पूर्ण रंगाचं चित्रही तो आत घेताना पातळ करतो. आपल्याला त्याला सांगावं लागतं की या तारेवर संगणक आहे. बऱ्याच टीव्हींत हे सांगायची जागा भलतीकडेच असते. इनपुटच्या यादीत एचडीएमआय १ वर जाऊन त्याचं नाव बदलायचं आणि 'पीसी' निवडायचं. लोकांना ते नुसतं लेबल वाटतं, पण त्यानं आतली प्रक्रियाच बदलते. मी नाव बदललं, पडदा क्षणभर काळा झाला, आणि परत आला तेव्हा लाल अक्षर लाल होतं. मावशीनं बोटानं दाखवलं, "हा बघ, 'संबंध'वरचा पहिला अनुस्वार मी कालच घातला होता. आत्ता दिसला."

तिथे काम संपायला हवं होतं. पण माउस ओढताना बाण अडखळत होता. वर-खाली करताना ओळी फरफटत येत होत्या. डिस्प्लेच्या ॲडव्हान्स्ड पानावर बघितलं : ३० हर्ट्झ. म्हणजे पडदा सेकंदाला तीसदाच ताजा होत होता, आणि यादीत त्यापुढचा आकडाच नव्हता.

लॅपटॉप २०१८ चा. त्याचं एचडीएमआय सॉकेट १.४ या आवृत्तीचं, ज्यातून सेकंदाला १०.२ गिगाबिट जातात. फोर-के चित्र सेकंदाला ६० वेळा पूर्ण रंगात पाठवायचं तर १७.८२ गिगाबिट लागतात. ३० वेळा पाठवायचं तर त्याच्या निम्मे, ८.९१, आणि ते त्या सॉकेटातून जातात. लॅपटॉप कुवतीप्रमाणे बरोबरच वागत होता. ६० साठी २०१३ मध्ये आलेली एचडीएमआयची २.० आवृत्ती लागते, तिची कुवत १८ गिगाबिट.

लॅपटॉपला टाइप-सी सॉकेट होतं आणि त्यातून चित्रही बाहेर जात होतं. सगळ्या टाइप-सीतून जात नाही, हे आधी लॅपटॉपच्या माहितीपत्रकात बघून घ्यावं. साताऱ्यात दुकानदारानं चार यूएसबी आणि एक एचडीएमआय असलेला हब पुढे केला, तो मी घेतला नाही. अशा बऱ्याच हबमध्ये चित्राच्या निम्म्या वाटा यूएसबीला दिलेल्या असतात, मग फोर-के पुन्हा ३० वरच येतं. नुसतं टाइप-सी ते एचडीएमआय, आणि वेष्टनावर 'फोर-के ६० हर्ट्झ' असं छापलेलं अडॅप्टर घेतलं. ६० लागलं. बाण लोण्यासारखा फिरायला लागला.

आणि लाल पुन्हा मळकट झालं.

मावशीचा चेहरा पडला. मलाही क्षणभर वाटलं, पीसीचं लेबल उडालं असेल. ते जागेवरच होतं. मग ॲडव्हान्स्ड डिस्प्लेच्या पानावर 'कलर फॉरमॅट' ही ओळ वाचली. तिथे 'आरजीबी', म्हणजे प्रत्येक ठिपक्याला पूर्ण रंग, असायला हवं होतं, आता 'वायसीबीसीआर ४२०', म्हणजे वरचं ४:२:०, होतं. म्हणजे या खेपेला रंग टीव्हीच्या आत पातळ होत नव्हता, लॅपटॉपातूनच पातळ होऊन निघत होता.

का, ते वरच्याच आकड्यांत आहे. ४:२:० मध्ये माहिती निम्मी होते, म्हणजे ६० हर्ट्झलाही पुन्हा ८.९१ गिगाबिटच लागतात. टीव्हीचं सॉकेट कारखान्यातून जुन्या उपकरणांशी जुळेल अशा साध्या अवस्थेत ठेवलेलं असतं आणि त्या अवस्थेत ते संगणकाला सांगतं की मला १०.२ पर्यंतच झेपतं. लॅपटॉपनं ६० हर्ट्झ राखले आणि रंग सोडला. टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या सॉकेटची पूर्ण कुवत उघडण्याचा वेगळा पर्याय असतो. सॅमसंगमध्ये 'इनपुट सिग्नल प्लस', सोनीत 'एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट' मध्ये 'एन्हान्स्ड', एलजीत 'अल्ट्रा एचडी डीप कलर'. तो चालू केला. पडदा काळा झाला, आला, पुन्हा काळा झाला, आला. दर अर्ध्या मिनिटानं असंच.

हे केबलचं होतं. जुनी केबल ८.९१ गिगाबिट निमूट वाहत होती, १७.८२ तिला झेपेना. आधीच्या घरातली ती जाडजूड, सोनेरी टोकांची पाच मीटर केबल टेबलाच्या मागे गुंडाळून ठेवलेली होती. 'प्रीमियम हाय स्पीड' छापलेली दीड मीटरची केबल आणली. टोकांच्या सोन्याकडे बघू नये, वेष्टनावरची ही अक्षरं आणि स्कॅन करता येणारं लेबल बघावं, आणि लांबी जेवढी लागते तेवढीच घ्यावी. काळं होणं थांबलं. कलर फॉरमॅट : आरजीबी. ६० हर्ट्झ. मावशीनं लाल, निळा, किरमिजी अशा तिन्ही रंगांत 'ऋषींच्या संबंधांविषयी' टाइप केलं आणि एकेक अनुस्वार मोजला.

हरवलेली करडी छटा

वहीतली शेवटची तक्रार मी जवळजवळ विसरलो होतो. तिनंच आठवण केली. वर्डमध्ये कोष्टकाच्या पहिल्या ओळीमागे जी सगळ्यात फिकी करडी छटा देतात, तिचा आकडा २४२ असतो. शुभ्र पांढरा २५५. मावशीच्या पडद्यावर दोन्ही एकसारखे पांढरे. तिनं एका पुस्तकात 'छटा राहिली आहे, घालावी' असा शेरा मारला होता, छटा मात्र तिथे होतीच.

संगणक काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ० ते २५५ आकडे वापरतो. व्हिडिओची जुनी पद्धत १६ ते २३५ ची. लॅपटॉप पूर्ण आकडे पाठवत होता, टीव्ही मात्र २३५ आलं की 'झालं पांढरं' असं समजत होता. त्यामुळे २४२ आणि २५५ त्याला सारखेच. दुसऱ्या टोकाला १६ च्या खालचं सगळं काळं, म्हणून मुखपृष्ठांच्या फोटोतले केसही एकगठ्ठा काळे दिसत. टीव्हीत याची किल्ली 'ब्लॅक लेव्हल' किंवा 'डायनॅमिक रेंज' अशा नावाखाली असते. लॅपटॉपकडूनही ती ठरवता येते. दोघांचं एकमत हवं, एवढंच. दोन्हीकडे पूर्ण ठेवलं आणि कोष्टकाची छटा दिसली. लॅपटॉप मर्यादित आणि टीव्ही पूर्ण असं उलटं झालं असतं, तर काळं राखाडी आणि सगळं पान धुतल्यासारखं दिसलं असतं.

मावशी ती छटा बघत बराच वेळ बसली. ज्या पुस्तकात तिनं तो शेरा मारला होता ते छापून गेलं होतं.

राहिलेलं थोडं

ब्राउझरमध्ये मराठी अक्षरांच्या उजव्या कडेला हलकी लाल-निळी झाक होती, वर्डमध्ये नव्हती. एकाच पडद्यावर एका प्रोग्रॅममध्ये दिसतं आणि दुसऱ्यात नाही, म्हणजे टीव्हीचा दोष नाही. विंडोज अक्षर गुळगुळीत करताना एका ठिपक्यातल्या लाल, हिरव्या, निळ्या पट्ट्या वेगवेगळ्या वापरते. त्या याच क्रमानं आहेत असं ती धरून चालते. काही टीव्हींत क्रम उलटा असतो. वर्ड २०१३ पासून ही युक्ती वापरत नाही. फोनचा कॅमेरा पांढऱ्या भागाला अगदी चिकटवून फोटो काढला, मोठा करून पाहिला : निळी, हिरवी, लाल. स्टार्टमध्ये 'क्लिअरटाइप' शोधून तिथल्या नमुन्यांतून स्वच्छ दिसणारे निवडत गेलो आणि झाक गेली.

शेवटचा बदल फर्निचरचा. ४३ इंची पडदा जवळजवळ ९५ सेंटिमीटर रुंद असतो. मावशी त्याच्यापासून दीड हातावर बसत होती. कोपऱ्यातल्या अक्षराकडे तिची नजर इतकी तिरकी जायची की या पडद्यावर ती अक्षरं फिकी दिसत, आणि मान सारखी वळायची. टीव्ही भिंतीला सरकवला, टेबल पुढे घेतलं, साडेतीन फूट अंतर केलं. प्रकाश निम्म्याच्या खाली आणला. पांढरं पान आठ तास समोर ठेवायचं, तर दुकानातला झगमगाट घरी चालत नाही. मूळ प्रत डावीकडे आणि प्रूफ उजवीकडे, दोन पानं शेजारी उघडून बसली तेव्हा म्हणाली, असं टेबल मला पंचवीस वर्षांपूर्वी हवं होतं.

निघताना सगळे आकडे आणि मेनूची वाट मी तिच्याच वहीच्या पानावर लिहून टीव्हीच्या मागे चिकटवलं.

पाच महिन्यांनी दिवाळीत गेलो, तेव्हा सहज सांगितलं तिनं. एके रात्री टीव्हीनं आपोआप अपडेट घेतलं होतं. सकाळी वर्ड उघडलं तर काळं स्वच्छ आणि लाल मळकट. तिनं आधी 'कलर फॉरमॅट' बघितलं. आरजीबीच होतं. म्हणजे लॅपटॉप आणि केबल ठीक. मग टीव्हीच्या इनपुटच्या यादीत गेली. 'पीसी' जाऊन तिथे पुन्हा 'एचडीएमआय १' झालं होतं. तिनं ते बदललं, चहा टाकला आणि राहिलेलं प्रकरण संपवलं.